उठवायला येणारा वामन

वामन सबनीस माणसाला उठवायला यायचा तेव्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. तांब्यातल्या गार पाण्यात दोन बोटं बुडवायची आणि झोपलेल्याच्या कानामागे टेकवायची, बस्स. पुण्याच्या त्या गारठ्यात, पहाटेच्या साखरझोपेत हा प्रकार ज्याच्या वाट्याला आलेला नाही त्याला मी काय सांगू! आम्ही शिव्या घालायचो, उशी फेकून मारायचो. गज्या पाटणकर तर एकदा सरळ त्याच्या हाताला चावला होता. वामनवर ढिम्म परिणाम नाही. तुम्ही उठून बसलात की तो तांब्या उचलायचा आणि पुढच्या खोलीकडे वळायचा. वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात त्याच्या अनवाणी पावलांची चाहूल लागली की अर्धी टीम पांघरुणात तोंड खुपसून मेल्याचं सोंग घ्यायची.

तो आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन होता. मी लेफ्ट आउट खेळायचो. गोष्ट एकोणीसशे तीसच्या थोडी आधीची. वामन कर्जतचा, तिथल्या जुन्या कायस्थ घराण्यातला. वडील लहानपणीच गेलेले, घरी एकटी आई, आणि खालापूरला वकिली करणारे मामा. शिक्षणाचं सगळं मामांच्याच जिवावर चाललेलं. अंगाने हा काटकुळा, उंच, गुडघ्यात किंचित फाकलेला. आणि खेळाडू म्हणून? खोटं कशाला बोलू, अगदी साधा बॅक. चेंडू आला की अडवायचा, आपल्या माणसाकडे द्यायचा, संपलं. लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असं त्याच्या पायातून काही कधी निघालंच नाही. पण खेळ सुरू होताना तो जिथे उभा असायचा तिथेच, तितकाच ताठ, खेळ सुटतानाही उभा असायचा.

आम्ही मात्र कलावंत! गज्या आमचा सेंटर फॉरवर्ड. चेंडू त्याच्या पायाला चिकटायचा तो चिकटायचाच. त्याला बघायला गावातून लोक सायकली काढून यायचे. मीही काही कमी नव्हतो, डाव्या बाजूने सुटलो की मागचे दोघं-तिघं एकमेकांवर आपटायचे. आणि एवढं असून दरवर्षी आम्ही दुसऱ्या फेरीत घरी. मध्यंतरापर्यंत आमचा खेळ बघून घ्यावा, आणि मध्यंतरानंतर आमच्या बाहेर आलेल्या जिभा. सरावाचं नाव काढलं की गज्या म्हणायचा, सराव करावा तो ज्याला खेळता येत नाही त्याने. आम्ही हसायचो. वामन हसत नसे. "तुमच्या पायात दूध आहे रे," तो म्हणायचा, "पण विरजण लावायचा कंटाळा. नासणार ते." हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसातून एकदा तरी ऐकावं लागायचं.

त्या वर्षी त्याने एक अचाट गोष्ट केली. शेवटच्या परीक्षेला तो बसलाच नाही. पास झाला असता तर कॉलेज सुटलं असतं, आणि त्याला आणखी एक हंगाम टीम हवी होती. खालापूरहून मामा तणतणत आले. कोट, पगडी, हातात छत्री. मी खोलीतच होतो, बाहेर जायची सोयही राहिली नव्हती. चेंडूला लाथा मारायला तुला पुण्यात ठेवलंय का, इथपासून तुझ्या आईला काय तोंड दाखवू, इथपर्यंत सगळं झालं. वामन मान खाली घालून ऐकत होता. शेवटी मामांनी विचारलं, बाबा, तुला हवंय तरी काय, चांदीचा पेला? तेव्हा तो म्हणाला, "पेला नाही मिळाला तरी चालेल. ही पोरं एक दिवस कुणी न उठवता उठली पाहिजेत. तेवढं झालं की मी येतो तुमच्या कचेरीत, जन्मभर दावे लिहीत बसेन."

मामा खो खो हसले. मलाही हसू आलं. माणूस एक वर्ष फुकट घालवतो आणि कशासाठी, तर आम्ही आपणहून उठावं म्हणून! पण त्याचा सगळा जीव त्यातच होता. मी उठवतो म्हणून उठता त्याला उठणं म्हणत नाहीत, असं तो म्हणायचा, आणि आम्हाला वाटायचं की हा नुसता घोळ घालतोय.

मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आम्हाला कर्जतला नेलं. आंबे खायला चला, नदीत डुंबायला चला, अशी लालूच दाखवून नेलं, लबाड. आंबे मिळाले, नदीही मिळाली, पण आधी खाचर. भातशेतीचं ते चौकोनी वावर, चारी बाजूंनी बांध, भात कापून महिने लोटलेले आणि जमीन तापून वीट झालेली. वर धसकटं. त्यात अनवाणी खेळायचं. चेंडू बांधाबाहेर गेला की डाव संपला, ज्याने मारला त्याने कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेने त्या लांबच्या आंब्यापर्यंत पळत जाऊन परत यायचं. पहिल्या दिवशी आम्ही खेळलो कमी आणि त्या आंब्याकडेच पळालो जास्त. डोंगरातून करवंदांच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या ठाकरणी थांबून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. खाचराच्या एका कोपऱ्यात राब भाजलेला होता. पावसाआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्या राखेत मग भाताचं बी पेरतात, त्याला राब म्हणायचं. त्या राखेवर पाय पडला की राख उडते, म्हणजे रोपं जातात, म्हणजे वर्षाचं भात जातं. सबनीसांची शेती गोमा करायचा. वामनला त्याने लहानपणी खांद्यावर बसवून नदीवर नेलेलं, त्यामुळे तो मालकाचा मुलगा वगैरे काही मानत नसे. पहिल्याच दिवशी तो विळा घेऊन बांधावर बसला आणि आम्हाला म्हणाला, "आयका रं पोरांनो. चेंडू राबात पडला, तर तो माझा. मंग तुमी कालेजातले असा नाय तर लाटसायब असा."

आणि त्याने खरंच चेंडू नेला. गज्याचा तो उंच, डौलदार फटका, ज्यावर पुण्यात लोक फिदा व्हायचे, तो बरोब्बर राबात. राखेचा हा एवढा ढग. गोमा उठला, चेंडू काखोटीला मारला आणि चालता झाला. संध्याकाळी वामनने जाऊन, त्याच्या ओसरीवर बसून, तंबाखूची देवघेव करून तो सोडवून आणला. मी वामनला म्हटलं, अरे शेजारी एवढी मोकळी खाचरं पडली आहेत, तिथे राब नाही, बांधही लांब, तिथे का नाही खेळत? तो म्हणाला, "तिथे चुकलं तर काही जात नाही ना." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हे खाचर त्याने मुद्दाम निवडलेलं आहे.

पायांचे हाल विचारू नका. दुपारी जेवायला बसलो की वामनची आई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकेकाचं नाव घेऊन वाढायच्या. आणि जेवण झालं की ओसरीवर सगळ्यांचे तळवे बघायच्या, कोमट तेलात हळद कालवून लावायच्या. वामनवर रागवायच्या, परक्यांची पोरं मारतोस का रे, म्हणून. दोघं जण आठवड्यातच घरी पळाले. राहिले त्यांच्यात हळूहळू काहीतरी बदललं. चेंडू पायातून निसटेनासा झाला. गज्या डोकं खाली घालून खेळायला लागला. एके दिवशी सगळी सकाळ गेली, चेंडू राबाकडे फिरकलाच नाही. गोमा बांधावरून उठला आणि म्हणाला की आता माझं हितं काय काम नाय. वामन त्या दिवशी आंब्याच्या रसाच्या चार वाट्या जास्त प्यायला.

पावसाळ्यात हंगाम सुरू झाला. वामनने एक नियम काढला. मॅचच्या आदल्या आठवड्यात ज्याची सकाळ चुकेल त्याला मॅच नाही. "ज्याची सकाळ चुकली त्याला संध्याकाळ नाही," असं तो म्हणायचा. आम्ही माना डोलावल्या. नियम दुसऱ्यासाठी असतात, असं प्रत्येकाला वाटतंच. गज्या एका रात्री नाटकाला गेला, पहाटे आला आणि आडवा झाला. ओली बोटं आली, गज्याने कूस बदलली. वामन पुन्हा त्याच्या खोलीत गेला नाही. मॅचच्या दिवशी गज्या बाहेर. सगळ्या कॉलेजने आकांत केला, प्रोफेसर मंडळींनी मध्यस्थी केली, वामन बधला नाही. गज्याशिवाय आम्ही कसेबसे जिंकलो. तो पाण्याच्या घड्यांपाशी पाठ करून बसला होता. मॅच सुटल्यावर सगळ्यांदेखत त्याने वामनला विचारलं की उद्या तुझी सकाळ चुकली तर. वामन म्हणाला, "तर मी बसेन."

त्यानंतर गज्याने सकाळ चुकवली नाही, आणि आम्ही हरलो नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी. बघता बघता आम्ही फायनलला! समोर गोऱ्या पलटणीचे शिपाई, एकेक गडी दरवाजाएवढा. आणि नेमका तेव्हा वामनला ताप आला.

हिवताप. कर्जत-खालापूरच्या माणसाला याचं काही वाटत नाही. तिकडे घरोघर क्विनाइनची बाटली मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली. वामनचा ताप एक दिवसाआड यायचा, थंडी वाजून, दातांवर दात आपटत. पण पहाटे तो उठवायला यायचाच, घोंगडी पांघरून. पाण्यात बुडवूनही त्याची बोटं कानाला गरम लागायची. त्या आठवड्यात एका पहाटे त्याने आम्हा सगळ्यांना उठवलं आणि जिन्यावरच खाली बसला. मैदानापर्यंत येऊ शकला नाही. आम्ही त्याला उचलून खोलीत नेलं आणि तांब्या कोपऱ्यात ठेवला.

फायनलच्या दिवशी त्याच्या अंगात ताप नव्हता. तापाच्या पाळीचा दिवसच नव्हता तो. सकाळी पेज प्यायला, चार पावलं पळून बघितली, चेहरा टवटवीत. आम्ही हुश्श केलं. आणि हा म्हणतो, मी बसणार, माझी सकाळ चुकलीय. मग आम्ही काय काय नाही केलं! हात जोडले, भांडलो. आजारी माणसाला नियम नसतो, म्हणालो. सगळ्यांत जास्त गज्या. तो म्हणाला, मी माझ्या तोंडाने नियम मोडतो, तू खेळ. वामनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला बसवलं त्या दिवशी तू तिकडे तोंड करून रडत होतास गज्या," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं. आता मी कसा उतरू?" 

त्याच्या जागी बदली गडी खेळला. पाऊस, चिखल, शिपायांचे बूट आणि आमचे उघडे पाय. पण काय सांगू, मध्यंतरानंतर दम लागला तो त्यांना! आम्ही पळतोय, पळतोय, आणि ते कमरेवर हात ठेवून उभे. एकास एक गोल झाले होते. अगदी शेवटी कोपऱ्यातून त्यांचा चेंडू आला आणि एका उंच गोऱ्याने डोक्याने आत लोटला. ती जागा वामनची. तो तिथे असता तर काय झालं असतं, याचा मी आजवर कितीदा विचार केला असेल, पण मला सांगता येत नाही. बदली गड्याची काही चूक नव्हती. वामन रेषेबाहेर पावसात उभा होता, डोक्यावर घोंगडी घेऊन. शिट्टी झाली तसा तो पुढे आला आणि एकेकाच्या पाठीवर हात फिरवत गेला.

मामा मॅचला आले होते. संध्याकाळच्या गाडीने ते त्याला कर्जतला नेणार होते, थोडे दिवस घरचं खाऊन बरा हो म्हणून. टांगा येईपर्यंत मी त्याच्या खोलीत बसलो. ट्रंक मीच भरली. तो भिंतीला टेकून बसला होता. मी आपलं काहीबाही बोलत होतो, पुढच्या वर्षी बघू वगैरे.  मग तो म्हणाला, "हरलो त्याचं नाही रे. पण उद्या मी नाही, मॅचही नाही. उद्या एक जण उठायचा नाही बघ. मामा म्हणाले तेच खरं, वर्ष वाया गेलं." एवढं बोलून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. वामनच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. टांग्यात बसताना मात्र हसला, दसऱ्याला येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला अंधारातच जाग आली. कानामागे काही नाही. पाऊस पडत होता, पांघरूण ऊबदार होतं, मॅच नाही, काही नाही. मी पुन्हा डोळे मिटले, पण झोप कुठली लागतेय. कुठेतरी दार वाजलं म्हणून बाहेर आलो तर व्हरांड्यात गज्या उभा, धोतराचा काचा मारलेला, तयार. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मग आणखी एक दार, आणखी एक. बदली गडी तर आमच्याही आधी जाऊन मैदानावर भिजत उभा होता.  गज्याने मला कोपऱ्यावर उभं केलं आणि तिथून चेंडू उडवायला लावला, आणि स्वतः वामनच्या जागी उभा राहून तो डोक्याने परतवत राहिला. चांगलं उजाडेपर्यंत हेच. त्याच्या पुढच्या दिवशीही आम्ही उठलो. मग रोजच उठायला लागलो.

हे वामनला कळवावं, असं मी म्हणालो होतो. पण गज्याच्या डोक्यात भलतंच. तो म्हणाला, कळवायचं नाही. दसऱ्याला तो येईल, पहाटे सवयीने तांब्या घेऊन निघेल, आणि प्रत्येक खोलीत बिछाना रिकामा! त्याचं तोंड बघायचं आपण. सगळ्यांना हे इतकं आवडलं की आम्ही दिवस मोजायला लागलो. हिवतापाने कधी कर्जतचं माणूस दगावतं का! चार दिवस अंथरुणात, पाचव्या दिवशी शेतावर. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

दसऱ्याच्या आधीच खालापूरहून मामांचा निरोप आला. ताप डोक्यात गेला होता. वामन गेला.

आम्ही सगळे कर्जतला गेलो. स्टेशनवर गोमा आला होता. वाटेत तो फक्त एवढंच म्हणाला, "माय काय रडत नाय. बोला तिच्याशी काय तरी." खाचरं पिवळ्या भाताने भरून गेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. काकू माजघरात भिंतीशी बसल्या होत्या. आम्ही दारात घुटमळलो तर त्यांनीच आत बोलावलं, बसवलं, कुणी पाणी पिणार का विचारलं. मामा बाजूला उभे होते, त्यांना आमच्याकडे बघवेना. काय बोलायचं असतं अशा वेळी? 

मग काकूच सांगू लागल्या. ताप चढला की तो एकच विचारायचा. आई, पोरं उठतात का गं? शुद्धीवर आला तरी तेच, बरळला तरी तेच. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक बाबा. तर तो इतका कासावीस झाला की त्यांच्याने बघवेना. मग त्या म्हणाल्या, अरे, आज गोमा स्टेशनात गेला होता, पुण्याच्या गाडीला घाट चढायला मागचं इंजिन जोडत होते, तेवढ्यात तुमच्या कॉलेजातलं कुणी भेटलं त्याला. उठतात म्हणे. गोमानेही हो म्हणून मान डोलावली. कोण कोण, असं वामनने विचारलं. काकूंनी एकेकाचं नाव घेतलं. मे महिन्यात रोज वाढलेलं, सगळी नावं त्यांना पाठ होती. गज्याच्या नावाला तो हसला, म्हणाला, गज्यासुद्धा? त्यानंतर त्याने विचारलं नाही.

"गोमा कुठला जातोय स्टेशनात," काकू म्हणाल्या. "मीच बोलले. मरणाऱ्या पोराशी खोटं बोलले मी. ते मला खातंय. आता तुम्ही खरं काय ते सांगा. उठत होतात का रे?"

गज्याने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. म्हणून मी सांगितलं. "उठत होतो काकू. सगळेच. तो पुण्याहून निघाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कुणी उठवलं नाही आम्हाला."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलतोय का, हे बघत असाव्यात. मग त्यांनी इतरांकडे बघितलं, एकेकाकडे, अगदी सावकाश.

"म्हणजे खरंच सांगितलं मी त्याला," काकू म्हणाल्या, आणि मग कुठे त्या रडल्या.